साचेखात्यातली एकतीस नावं

जगदीशच्या ऑफिसात नवे कॉम्प्युटर आले, तेव्हा जुन्यांतला एक त्याने आपल्या मामेबहिणीला, तुळसाला, आणून दिला. ती माटुंग्याच्या कॉलेजात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. डिलाईल रोडच्या चाळीतल्या एका खोलीत तो ठेवायचा कुठे, इथपासून पंचाईत. शेवटी आईच्या शिलाई मशीनवर फळी टाकून त्याची स्थापना झाली. आईने, म्हणजे सुभद्राने, त्याला हळदकुंकू लावलं आणि धूळ बसू नये म्हणून जुन्या साडीचं झाकणही शिवलं.

यंत्र म्हातारं होतं. चालू व्हायलाच दहा मिनिटं घ्यायचं, मध्येच हँग व्हायचं, शेजारी कुणी मिक्सर लावला की त्याचा पडदा थरथरायचा. मराठी फॉन्टची रड आणखी वेगळी. घरी नीट दिसणारा मजकूर सायबर कॅफेत छापायला नेला, की अक्षरांच्या जागी नुसत्या चौकटी. तुळसा वैतागून कीबोर्ड आपटायची.

"ह्याका तेल घालूक लागत नाय काय गो?" तिचे वडील, आनंदा परब, मोठ्याने विचारायचे. बावीस वर्षं कापडगिरणीतल्या साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात गेल्यामुळे त्यांना ऐकू कमी यायचं, म्हणून बोलणंही मोठ्यानेच. ब्याऐंशीच्या संपात ते गिरणीबाहेर पडले ते कायमचेच. गिरणी पुढे काही वर्षं रखडत चालली, पण ह्यांना परत घेतलं नाही. तुळसा जन्मली संपाच्या दुसऱ्या वर्षी. त्यामुळे तिने बापाला साच्यावर कधी पाहिलंच नाही. पाहिलं ते वरळीच्या एका इमारतीच्या फाटकाशी, वॉचमनच्या खाकी कपड्यात.

दोन हजार चारची लोकसभेची निवडणूक लागली आणि घरात रोज खटके उडायला लागले. आनंदा दर निवडणुकीला दाढी करून, धुतलेला सदरा घालून सकाळी सातच्या आत रांगेत उभे राहणारे. तुळसाचं हे पहिलंच मत.

"मी नाही जाणार," तिने सांगून टाकलं.

"का गो?"

"तुम्ही ह्याला दिलंत, त्याला दिलंत, सगळ्यांना देऊन झालं. गिरणीच्या जागेवर काय उभं राहिलं, ते बघा जरा गॅलरीतून."

गॅलरीतून काचेचा टॉवर दिसायचा. आनंदा त्याच्याकडे बघत राहिले.

"तू मत नाय दिलंस म्हणून तो पडतलो काय?"

"आणि दिलं म्हणून पडणारे?"

"आधी जेवून घ्या दोघांनी," सुभद्रा म्हणाली.

पण आनंदांच्या मनात एक गोष्ट बरेच दिवस घोळत होती. उमेदवार चाळीत येणार होता, त्याच्या हातात त्यांना एक कागद द्यायचा होता. घरांसाठी अर्ज बाकीचे देतच होते. ह्यांना द्यायची होती ती माणसांची यादी: साचेखात्यात त्यांच्या पाळीला असलेले एकतीस जण, आणि संपानंतर त्यांचं काय झालं ते.

"तो वाचणार आहे का बाबा?"

"वाचो नायतर नको वाचो. तू टाइप कर."

मग रोज संध्याकाळी, ड्युटीवरून आल्यावर, ते पाटावर बसून सांगायचे आणि ती टाइप करायची. "लिही. धोंडू घाडी. गावाक गेलो तो परत इलो नाय. भिकाजी सातार्डेकर. लालबागला मसाल्याच्या डंकावर लागला. छातीत मिरची बसली, खोकून खोकून गेला. लक्ष्मण तावडे. बायको धुणीभांडी करायची, हा दारात बसून राहायचा. कोणाशी एक शब्द बोलायचा नाय." कुणाचा साचा कितवा, कोण सुरात हाका मारायचा, कुणाच्या डब्यात सुकट असायची, सगळं त्यांना पाठ. तुळसाला अभ्यास असायचा, ती मधूनच घड्याळ बघायची. पण एकदा तिचा हात थांबला.

"ह्यांतलं कुणीच कधी आपल्याकडे कसं आलं नाही?"

"येतले कसे? लाज वाटता," आनंदा म्हणाले. "मी तरी खय गेलो कोणाकडे?"

सात संध्याकाळी लागल्या. एकतीस नावं पूर्ण झाली. पान छापायचं तेवढं राहिलं. छापते, छापते करत तिने ते परीक्षेनंतर बघू म्हणून ढकललं.

त्याच आठवड्यात कॉलेजच्या फ्लॉपीतून व्हायरस आला आणि कॉम्प्युटर पार झोपला. रविवारी जगदीश आला. त्याने खटपट करून पाहिली आणि म्हणाला, "फॉरमॅट मारावा लागेल. आतलं काही ठेवायचंय?"

"प्रोजेक्ट मी फ्लॉपीवर घेतलाय," तुळसा म्हणाली. "बाकी काही नाही."

संध्याकाळी पाटावर बसत आनंदांनी विचारलं, "यादी कधी छापतंस गो?" तेव्हा तिच्या ध्यानात आलं, फॉरमॅटमध्ये यादीही पुसली गेली होती. वडील एवढे दिवस समोर बसून सांगत होते, आणि जगदीशने विचारलं तेव्हा तिला ते आठवलेसुद्धा नव्हते.

"आहे ना बाबा, कॉम्प्युटरमध्ये आहे," ती म्हणाली. मग जरा थांबून, "उद्या एकदा सगळी नावं परत सांगाल? चुका राहिल्या असतील तर बघू."

आनंदांचा चेहरा खुलला. लेक आपणहून विचारतेय ह्याचंच त्यांना अप्रूप. "सांगतंय की. उद्या सांगतंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी वरळीच्या फाटकाशी खुर्चीवर बसल्या बसल्या ते एका बाजूला कलले. अर्धांगवायू. उजवं अंग गेलं, वाचा गेली.

ते हॉस्पिटलात असतानाच उमेदवार चाळीत आला. ढोल वाजले, बायकांनी ओवाळलं. एक कार्यकर्ता दारात येऊन म्हणाला, "आनंदाकाका काहीतरी कागद देणार होते ना? साहेब खाली उभेत, पटकन द्या."

"तयार नाही," तुळसा म्हणाली. मिरवणूक पुढच्या चाळीकडे गेली.

मतदानाच्या दिवशी आनंदा घरी होते. सकाळपासून डाव्या हाताने सदरा दाखवत होते. शेवटी चौघांनी खुर्चीत घालून त्यांना शाळेतल्या मतदान केंद्रावर नेलं. यंत्राचं बटण त्यांनी डाव्या अंगठ्याने दाबलं. तुळसाही रांगेत उभी राहिली. कुणाला मत द्यायचं हे तिने ठरवलंच नव्हतं. बाप खुर्चीतून तिच्याकडे बघत होता, तेवढ्यासाठी ती आत गेली. बाहेर आल्यावर तिने बोटावरची शाई त्यांना दाखवली, आणि तिथेच, शाळेच्या पायरीवर बसून, यादीचं खरं सांगून टाकलं. आनंदांना कितपत ऐकू आलं कोण जाणे. त्यांनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

निकाल लागला, सरकार बदललं. तुळसा रोज संध्याकाळी माणसं शोधत हिंडायला लागली. लालबाग, करी रोड, डिलाईल रोडच्याच मागच्या चाळी. बहुतेक ठिकाणी विधवा भेटायच्या, नाहीतर सुना. मिळालेलं नाव ती घरी येऊन बापाच्या कानाशी मोठ्याने वाचायची. बरोबर असलं की ते डावा हात उचलायचे. असं करत करत तीस झाली.

एकतिसावं मात्र मिळेना. आनंदा ओठ जुळवून "ब... ब..." करायचे. तिने बाबाजी म्हणून पाहिलं, बबन, बाळा, बंड्या, सगळं म्हणून पाहिलं. ते मान हलवायचे आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. सापडलेल्या म्हाताऱ्यांना विचारलं, तर जो तो म्हणे, "आनंदाला ठाऊक असेल. त्यालाच विचार."

श्रावणात आनंदा गेले.

ऑक्टोबरात विधानसभेची निवडणूक आली. दुसरा उमेदवार, दुसरे ढोल. तुळसाने यादी नीट छापून आणली होती. साहेबांनी हात जोडून कागद घेतला आणि मागे दिला. मागच्या पोऱ्याने त्यावरून नजर फिरवली.

"मॅडम, हे एकतिसावं टाइप करायचं राहिलं वाटतं."

"हो," तुळसा म्हणाली. "माझ्याकडूनच राहिलं."