बसलेला घसा

आईला रेडिओवरच्या एका गायिकेचा आवाज फार आवडायचा. नव्वदच्या सुमारास त्या बाई बारामतीला गायला येणार असल्याचं कळलं. मी तेव्हा नुकतीच कॉलेजात जायला लागले होते. आईनं गुरांचं वैरणपाणी लवकर उरकलं, ठेवणीतलं लुगडं नेसलं आणि आम्ही दोघी दुपारच्या एसटीनं लासुर्ण्याहून निघालो.

कार्यक्रम मोकळ्या मैदानात होता. आम्हाला अगदी पुढं, सतरंजीवर जागा मिळाली. सत्कार आणि भाषणं बराच वेळ चालली. शेवटी बाई गायला बसल्या आणि पहिल्याच ओळीला आवाज चिरकला. त्यांचा घसा पार बसला होता. पाणी पिऊन त्यांनी पुन्हा सुरुवात केली, पण वरचा सूर लागेचना. मागून शिट्ट्या सुरू झाल्या. लोक उठून जाऊ लागले, तरी त्या गातच राहिल्या.

आई एकदम उभी राहिली. मला वाटलं, हीसुद्धा निघाली. पण ती स्टेजकडं बघून मोठ्यानं म्हणाली, "आवं बाई, ऱ्हाऊ द्या आता! घसा फाटंल तुमचा!"

बाई थांबल्या. त्यांनी आईकडं बघून हात जोडले आणि हार्मोनियम बाजूला सारली.

परतीच्या एसटीत मी विचारलं, "वाईट वाटलं का गं?"

"वाटलं की. एवढं आलो, आन् गानं काय ऐकाय मिळालं न्हाय," आई म्हणाली. मग जरा वेळानं म्हणाली, "त्या बाईला तितं कुनी गरम पानी तरी दिलं आसंल का?"