पेटीवाल्या नानांचे रविवार

स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणतं, "मॅडम, तुमच्या त्या पेटीवाल्या नानांचा एखादा किस्सा सांगा ना!" मी एक सांगायला बसले की मागोमाग चार निघतात. मग बेल होते, चहा निवतो आणि अर्धे तसेच राहतात. आज सुट्टी आहे, तर निवांत सांगते.

मी ठाण्यात माजिवड्याला राहते, ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. गाणं आपलं हौसेपुरतं. माझ्या पेटीचा भाता फाटला तेव्हा कुणीतरी डोंबिवलीच्या मानपाडा रोडवरचे नाना सुचवले. पहिल्यांदा गेलेले ते दुरुस्तीसाठी. मग सहा वर्षं दर रविवारी सकाळी काही कारण नसताना जात राहिले. शिळफाट्याच्या ट्रॅफिकमधून, स्कूटीवर!

आता ती बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेलीय आणि नाना मुलाकडे बडोद्याला. रविवारी मला अजूनही लवकर जाग येते. उठून बसते, आणि मग काय करायचं ते कळत नाही.

* * *

पेटी आणायला गेले तेव्हा मी मोबाइलवर ट्यूनरचं ॲप घेऊन गेलेले. एकेक स्वर वाजवून बघितला. सगळे हिरवे!

"परफेक्ट, नाना!"

नानांचा चेहरा मात्र आंबटच. त्यांनी सा आणि गांधार एकदम दाबले. "ऐका. लाट येतेय?"

कान लावल्यावर कळलं. दोन स्वरांमध्ये काहीतरी बारीक थरथरत होतं. मग त्यांनी दुसरी एक पेटी ओढली आणि तिच्यावर तेच दोन स्वर वाजवले. तिथला गांधार केसभर खाली होता. थरथर गायब! ॲप मात्र लालभडक.

"गळ्यातला गांधार हा असा असतो," नाना म्हणाले. "पण पेटी कुठल्याही पट्टीतून वाजली पाहिजे ना? म्हणून सप्तकाचे बारा सारखे तुकडे करतात. सगळ्यांची सोय होते, आणि सगळ्यांचंच थोडं थोडं बिघडतं."

हे मी वर्गात बीट्स म्हणून दरवर्षी फळ्यावर शिकवत होते. ऐकले मात्र त्या दिवशी पहिल्यांदा!

मी मोबाइल पर्समध्ये टाकला. नाना म्हणाले, "असू दे हो, हुशार आहे तो. फक्त एकेकटा स्वर ऐकतो, सोबत ऐकत नाही."

* * *

दुकानात तिसरे असायचे भोईरकाका. मानपाड्याचेच, आगरी. आयुष्यभर कारखान्यात लेथ चालवला आणि रिटायर झाल्यावर भजनी मंडळात पेटी धरली.

एकदा नाना पेटीचा इतिहास सांगत होते. ही मूळची युरोपातली. तिकडे खुर्चीवर बसून, पायाने भाता मारत वाजवायचे. आपण बसणार जमिनीवर, म्हणून इथे तिचे पाय काढले आणि भाता हातात आणला. पुढे रेडिओवर तिला कित्येक वर्षं बंदीसुद्धा होती. का, तर ही परकी, हिला आपले स्वर येत नाहीत!

भोईरकाकांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "म्हंजे बाहेरनं आली, आधी कोनी घरात घेईना, आन् आता तिच्याबिगर कुनाचं पान हालत नाय. डोंबिवलीकरच हाय की ती!"

* * *

याच भोईरकाकांना मी एकदा सांगितलं की जुने पंडित तार मोजून स्वर बसवायचे. पूर्ण तार छत्तीस भाग धरली तर अठरावर वरचा सा, चोवीसवर पंचम, सत्तावीसवर मध्यम.

पुढच्या रविवारी काका फळी घेऊन आले. वर तार ताणलेली आणि खाली छत्तीस खुणा, लेथवाल्याच्या हाताने मारलेल्या! त्यांनी चोवीसच्या खुणेवर लाकडाचा तुकडा सरकवला आणि तार छेडली. नानांनी पेटीवर पंचम दाबला. एकच आवाज. मग सत्तावीस. मध्यम!

काकांनी पुन्हा छेडली. पुन्हा. मग तारेवर हात ठेवला तो उचलेनात.

"काय झालं, काका?"

"काय नाय, टीचर. चाळीस वर्सं मापं घेतली. मापाला आवाज असतो, ते कोनी सांगितलाच नाय."

* * *

पुढचा किस्सा माझ्या चुकीचा आहे.

नानांना वरच्या सप्तकातलं कमी ऐकू यायला लागलेलं. बोलायचे नाहीत, पण वरचे स्वर लावताना कान पेटीला टेकवायचे. एका रविवारी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मॅडम, या निषादात लाट आहे का हो?"

होती. चांगली स्पष्ट होती. पण ते माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते… मी म्हटलं, "नाही नाना. स्वच्छ आहे."

आठवड्याने पेटी परत आली. कोपरला गाण्याचा क्लास घेणाऱ्या एक बाई स्वतः घेऊन आल्या. "नाना, तुमच्या हातून असं कधी झालं नव्हतं. वरचा निषाद ओरडतोय हो!"

नाना फक्त "ठेवून जा" म्हणाले. बाई गेल्यावर माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता संपलं.

"तू फिजिक्सची ना गं? मग रीडिंग खोटं कसं लिहिलंस?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा अगं-तुगं केलं. मला रडूच आलं. त्यांनी कानस उचलली. "रड नंतर. आधी ऐक."

पेटीच्या आत प्रत्येक स्वराची पितळी पट्टी असते; तिचं टोक घासलं की स्वर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. नाना घासत होते, मी सांगत होते. "अजून… अजून थोडं… बस!" त्या दिवसापासून वरचं सप्तक आम्ही दोघांनी मिळून लावलं. आता फोनवर त्यांना काही ऐकू येत नाही, त्यामुळे आमचं बोलणंच होत नाही.

* * *

दुकान रिकामं करायच्या दिवशी भोईरकाकांनी माळ्यावरून एक गाठोडं खाली काढलं. जुन्या सुती साडीत बांधलेली पेटी. मी सवयीने पांढरी एकला सा धरून वाजवली आणि कान किटले! स्वर नुसते एकमेकांशी भांडत होते.

"नाना, ही फारच बिघडलीय हो."

"काळी चारला सा धरून वाजव."

धरला. आणि दुकान भरून गेलं. कुठेही लाट नाही. गांधार, पंचम, धैवत, सगळे एकमेकांत विरघळलेले. असं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

"आमच्या हिची आहे," नाना म्हणाले. "हिचा सा काळी चार. हिच्या गळ्यावरून लावली. दुसऱ्या कुणाच्या उपयोगाची नाही." नानांच्या बायकोला, काकूंना, जाऊन अकरा वर्षं झालेली, एवढंच मला माहीत होतं.

मी वर वर वाजवत गेले. सगळं स्वच्छ. फक्त शेवटी वरचा सा खाली लागला. थोडाथोडका नाही, चांगला उतरलेला. आता नानांशी खोटं बोलायचं नव्हतं.

"नाना, बाकी सगळं सुरेख आहे. पण वरचा सा उतरलाय. कानस आणू? पाच मिनिटांचं काम आहे."

भोईरकाकांनी कानस पुढे केलीसुद्धा. नानांनी ती घेतली नाही. त्यांनी त्या वरच्या सावर बोट ठेवलं.

"राहू दे," ते म्हणाले. "शेवटच्या वर्षी ती तिथपर्यंतच पोचायची."