पंचावन्नच्या आत

महापालिकेच्या ध्वनी विभागातल्या निरीक्षकाला कचेरीत सगळे कानसेन म्हणत. विभाग म्हणजे तो, एक टेबल आणि एक आवाजमापक. तक्रारदाराच्या खिडकीबाहेर ते यंत्र तिवईवर ठेवायचं आणि पंधरा मिनिटं कुणी चकार शब्द काढायचा नाही, असा नियम. कुणी शिंकलं तरी मोजणी बाद, पुन्हा खेप. एकवीस वर्षांत कानसेन एकदाही खोकला नव्हता. "घरीसुद्धा यांची मोजणीच चालू असते," असं बायको म्हणायची. ती गेल्यावर एका रविवारी त्याने उगाच घरातला आवाज मोजला. अठ्ठावीस डेसिबल. जास्तीत जास्त आवाज किती असावा हे नियमात आहे. कमीत कमी किती, याबद्दल नियम मौन पाळतात.

पत्र्याचे डबे करणाऱ्या कारखान्यामागे एक निवृत्त शिक्षिका राहत. त्यांची तक्रार आली तेव्हा आकडा निघाला एकाहत्तर. कानसेनने नोटीस काढली. कारखान्याने प्रेसखाली रबर घातलं. चौसष्ट. मग दुसरी नोटीस, मग भिंत. अठ्ठावन्न. दर मंगळवारी अकराला तो जाई. पंधरा मिनिटं दोघं गप्प बसत, मग बाई चहा ठेवत आणि गप्पांचा अनुशेष भरून काढत.

"इतका गप्प विद्यार्थी मला अख्ख्या नोकरीत मिळाला नाही हो!"

कचेरीबाहेरचं त्याचं आठवड्याचं बोलणं तेवढंच. आपण काम फार चोख करतो आहोत, हे त्याच्या जरा उशिरा ध्यानात आलं.

या मंगळवारी यंत्रावर चौपन्न दिसू लागले. मर्यादा पंचावन्न. आकडा टिकला की प्रकरण बंद. चौदाव्या मिनिटाला कानसेन खोकला.

"अगंबाई! आता मोजणी बाद?" बाईंनी विचारलं.

"बाद. पुढच्या मंगळवारी यावं लागेल."

"छे हो, तुम्हाला कशाला हेलपाटा? मला आता काही त्रास नाही. काल दुपारी तर चक्क डोळा लागला. आणा तो कागद, तक्रार मागे घेते."

"पण बाई, नियमाप्रमाणे..."

"नियम राहू द्या. आधी खोकल्याचं औषध घ्या."

बाईंनी वळणदार सही ठोकली. चहा झाला. 'तक्रारदाराचे समाधान झाले काय?' या रकान्यात कानसेनने 'होय' लिहिलं. खाली निरीक्षकाच्या शेऱ्यासाठी एक ओळ उरली होती. तिथे त्याने लिहिलं, 'शांतता आहे', आणि तिवई मिटली.