शेवटच्याला मात्रा नाही

परंड्याच्या कॉलेजात मी मानसशास्त्र घेतलं ते माणसांची मनं कळावीत म्हणून, आणि पदरात पडली संख्याशास्त्राची सूत्रं. त्यातली 'स्वाधीनता मात्रा' तर डोक्यात शिरतच नव्हती. एकदा चुलीजवळ बसून मी ती मोठ्यानं घोकत होते, तेव्हा भाकरी थापता थापता आईनं विचारलं, "ही मात्रा कशावर देतेत गं? सारखी घेरी येती मला, त्याला चालंल का?"

मला हसू आलं. औषध नाही गं, म्हणत मी तिला टोपलं दाखवलं. आपण चौघं, भाकरी आठ, म्हणजे सरासरी माणशी दोन. वडलांनी, भावानं आणि मी हव्या तितक्या खाव्यात. चौथ्यानं किती खायच्या हे मात्र त्याच्या हातात राहत नाही, कारण बेरीज आधीच ठरलेली. मोकळे आकडे तीनच, म्हणून मात्रा तीन. सांगता सांगता मलाच ते पहिल्यांदा नीट कळलं आणि मी खूश झाले.

आईनं तव्यावरची भाकरी उलटली. "म्हंजी शेवटच्याला मात्रा न्हाई," ती म्हणाली.

घेरी कशानं येते ते दवाखान्यात कळलं, तोवर तिच्या अंगात रक्तच उरलं नव्हतं. परीक्षेआधीच ती गेली. पेपरात तो प्रश्न आला, तेव्हा मी भाकरीचंच उदाहरण लिहिलं.

आता वडील आणि भाऊ जेवून उठले की मी बसते. टोपल्यात किती उरल्यात ते बघावं लागत नाही.