अनुनासिकांचा मास्तर

माझं डोकं दुखतं ते विचारांमुळे, अशी माझी कित्येक वर्षं प्रामाणिक समजूत होती.

मी तेव्हा सोलापुरातल्या एका हायस्कुलात मराठी शिकवत असे. वय तिशीच्या आत, अंगात गळाबंद कोट, आणि आपल्या हातून एक दिवस मराठी व्याकरणावर मोठा ग्रंथ होणार याबद्दल मनात तिळमात्र शंका नाही. रोज दुपार कलायला लागली की डाव्या डोळ्याखाली ठणका सुरू होई आणि तो हळूहळू कपाळापर्यंत चढे. पडलेला खडू उचलायला वाकलो की डोक्यात काहीतरी जड पुढे सरकल्यासारखं वाटे. ते जड म्हणजे साठलेली विद्वत्ता, असं मी धरून चाललो होतो. शिक्षकांच्या खोलीत मी कपाळाला हात लावून बसे, आणि कोणी विचारलं तर म्हणे, "काही नाही, जरा डोक्याला ताण झालाय."

घरी बायकोलाही मी हेच सांगत असे. ती म्हणायची, "मग नका करू विचार. सक्ती कोणाची आहे?"

बायकांना यातलं काही कळत नाही, असं मी मनात म्हणे. मोठ्याने म्हणण्याची छाती नव्हती.

दुखण्याच्या जोडीला पडसं होतं. लोकांना पडसं होतं आणि जातं. माझं मुक्कामालाच आलं होतं. डावी नाकपुडी कायमची बंद, उजवी तिच्या मर्जीप्रमाणे उघडी. वास येणं केव्हाच थांबलं होतं. पण या सगळ्याचा खरा घाव बसला तो माझ्या धंद्यावर. नाक बंद असलं की 'म' म्हणायला गेल्यावर 'ब' निघतो आणि 'न' म्हणायला गेल्यावर 'द'. एरवी हे खपून जातं. मी तर मुलांना वर्णमाला आणि उच्चारांची स्थानं शिकवत होतो. वर्गात शिरून मी "बुलांदो" म्हटलं की मागच्या बाकापासून खसखस पिके. एके दिवशी मी फळ्यावर 'अनुनासिक' असा शब्द लिहिला आणि खणखणीत आवाजात वाचला, "अदुदासिक." सगळा वर्ग एका सुरात, अगदी तसाच, माझ्यामागून म्हणाला. उच्चार मी सांगेन तसाच करायचा, ही शिस्त त्यांना मीच लावली होती. रागावणार कोणावर?

उपाय केले नाहीत असं नाही. आमच्या शेजारी नवी पेठेतले एक कापडाचे व्यापारी राहत. घरात कानडी, दुकानात मराठी, आणि सल्ला दोन्ही भाषांत देत. त्यांनी मला तपकीर दिली. "एक चिमूट ओढा मास्तर, नाक कसं रस्त्यासारखं मोकळं होतंय बघा की!" ओढल्यावर ओळीने शिंका आल्या, चार घटका बरं वाटलं, आणि नाक होतं तसं झालं. तपकीर मात्र राहिली. माझ्या प्रत्येक कोटाच्या छातीवर तिचा तांबूस पट्टा कायम झाला.

मग मी एका वैद्यांकडे गेलो. त्यांनी याला पीनस म्हणतात असं सांगितलं, खाटेच्या कडेवरून डोकं खाली सोडायला लावून नाकात तेल घातलं, आणि तपकीर व रात्रीचं दही बंद करा म्हणून बजावलं. तेलाने मला खरोखर आराम पडत होता. पण तपकीर आणि दही यांतलं मी काहीच सोडलं नाही, आणि महिन्याभराने वैद्यांच्या शास्त्राला आता पूर्वीसारखा गुण राहिलेला नाही असं शिक्षकांच्या खोलीत जाहीर केलं.

हे असंच आणखी वर्षानुवर्षं चाललं असतं. पण शाळेचं स्नेहसंमेलन आलं.

अध्यक्ष म्हणून शिक्षणखात्यातले एक बडे साहेब येणार होते. जरीकाठी उपरणं, पांढरी स्वच्छ मिशी, बोलणं हळू. त्यांना हार घालण्याचा मान माझ्याकडे आला. स्वागताचं भाषण मला द्यायला हेडमास्तर तयार नव्हते, कारण पाहुण्यांना "बाददीय" म्हटलेलं त्यांना चाललं नसतं. साहेब खुर्चीवर बसले होते. मी झेंडूचा घसघशीत हार घेऊन पुढे झालो आणि आदराने वाकलो. जरा जास्तच वाकलो. त्याबरोबर डाव्या गालात काहीतरी हललं, आणि इतक्या वर्षांची माझी विद्वत्ता पिवळ्या धारेने नाकातून निघून साहेबांच्या उपरण्यावर उतरली.

सभेत कोणी हसलं नाही, हे सर्वांत वाईट. साहेबांनी उपरणं काढलं, घडी घातली, आणि खुर्चीच्या पाठीवर ठेवलं. शेजारी बसलेल्या हेडमास्तरांनी नाकाला रुमाल लावला. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की याला वासही असावा.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावलं. "रजा घ्या," ते म्हणाले, "आणि ते नाक घेऊन कुठल्यातरी डॉक्टराकडे जा. बरं झाल्याशिवाय परत आणू नका."

गावात एक डॉक्टर मुंबईहून नाक, कान आणि घशाचं शिकून आले होते. माझ्याच वयाचे, बारीक अंगाचे, बोलताना मान एका बाजूला कलती ठेवणारे. बायको बरोबर आली. मी एकटा गेलो तर डॉक्टरांना विचारांच्या ताणाबद्दल सांगत बसेन, असा तिचा अंदाज होता. तो बरोबर होता.

डॉक्टरांनी माझं सगळं ऐकून घेतलं, कपाळावर भोकाचा गोल आरसा बांधला आणि नाकपुडी चिमट्याने फाकवून आत पाहिलं. मग डाव्या गालावर बोटाने टकटक केलं. मी ओरडलो.

"वरच्या दाढा बघू. ही डावीकडची मोडलेली कधीची?"

"कडक भाकरी खाताना मोडली. बरीच वर्षं झाली. पण दाढेचा नाकाशी काय संबंध?"

"तोच दाखवतो," ते म्हणाले, आणि आम्हाला एका अंधाऱ्या खोलीत घेऊन गेले. तिथे त्यांनी विजेचा एक लहानसा दिवा माझ्या तोंडात ठेवला, ओठ मिटायला सांगितले आणि कळ दाबली. मला काही दिसेना. पण बायकोला हसू फुटल्याचं ऐकू आलं.

"अहो, तुमचा आकाशकंदील झालाय," ती म्हणाली. "पण अर्धाच लागलाय."

डॉक्टरांनी माझ्या हातात आरसा दिला. माझा उजवा गाल आतून लालभडक उजळला होता. डावा काळामिट्ट होता.

बाहेर आल्यावर त्यांनी समजावून सांगितलं. गालाच्या हाडात दोन्ही बाजूंना एकेक पोकळी असते. निरोगी माणसात तिथे नुसती हवा असते, म्हणून उजेड पार होतो. या पोकळीचं तोंड नाकात उघडतं, पण ते तळाशी नसतं, वर असतं. रांजणाला गळ्याजवळ भोक पाडावं तसं. आत साठलेलं सहज वाहून जात नाही. आत सूज आली की ते भोकही बुजतं. आणि वरच्या दाढांची मुळं त्या पोकळीच्या तळालाच टेकलेली असतात. माझी मोडकी दाढ खालून सडत गेली होती आणि तिने वरची खोली नासवली होती.

"म्हणजे डोक्यात...?" मी विचारलं.

"डोक्यात काही नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं. पण बायकोने खिडकीकडे तोंड फिरवलं.

पहिल्यांदा दाढ काढली. मग पोकळी धुण्याचं सत्र सुरू झालं. नाकात औषधाचा बोळा ठेवून आतली बाजू बधिर करायची, एक जाड पोकळ सुई नाकातून गालाच्या हाडात घुसवायची, आणि तिच्यातून कोमट पाणी सोडायचं. हाड फुटतानाचा 'कट्' असा आवाज मला आतून ऐकू येई. मी पितळी भांड्यावर वाकून बसे आणि नाकातून जे येई ते भांड्यात पडे. कंपाउंडर तोंडाला फडकं बांधून मान फिरवून उभा राही. बायको दाराबाहेर जाई. डॉक्टर सरावलेले होते, तरी त्यांच्याही भुवया वर जात.

"फार घाण वास आहे का?" मी विचारायचो. त्या खोलीत स्वस्थ बसलेला मी एकटाच असे.

धुतलं की आठवडाभर बरं वाटे आणि पुन्हा भरे. आजच्यासारखी औषधं तेव्हा नव्हती. चार गोळ्या घेतल्या आणि पू आटला, असं होत नसे. शेवटी डॉक्टर म्हणाले, "आतलं अस्तरच खराब झालंय. ते खरवडून काढावं लागेल. वरचा ओठ उचलून हिरडीवरून आत जायचं, आणि पोकळीच्या तळाशी नाकात नवी खिडकी पाडायची. मग साठणारच नाही."

"क्लोरोफॉर्म देणार ना?"

"नको. जागाच बधिर करू. तुम्ही जागे राहिलात तर रक्त घशात उतरणार नाही. दुखलं तर हात वर करा."

वर्गात जन्मभर मुलांना हात वर करायला लावणारा मी, त्या टेबलावर सारखा हात वर करत होतो. सुया टोचताना दुखलं तेवढंच. पुढे दुखत नव्हतं. पण छिन्नी हाडावर ठेवून हातोडी पडली की ठोका सबंध कवटीत घुमे. आपल्याच डोक्यात पाथरवट बसलाय आणि आपल्याला तो उठवता येत नाही, अशी पाळी शत्रूवरही येऊ नये. तिसऱ्यांदा हात वर केला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "दुखतंय?"

तोंडात चिमटे होते. मी मानेनेच नाही म्हटलं.

"मग?"

मला नुसतं कोणाशी तरी बोलायचं होतं. ते त्यांना कसं कळलं कोण जाणे. त्यांनी पुढचं सगळं काम आपण काय करतोय ते सांगत सांगत केलं. "आता खरवडतोय. आता खिडकी. झालीच बघा." आयुष्यात मी इतकं लक्ष देऊन कोणाचं व्याख्यान ऐकलं नव्हतं.

उठून आरशात पाहिलं तर डावा गाल कलिंगडाएवढा. पलीकडच्या खाटेवर सांगोल्याकडचे एक धनगर आजोबा कानाच्या दुखण्यासाठी आले होते. ते माझ्याकडे खूप वेळ बघत राहिले.

"मास्तर, दुखनं कुटं व्हतं म्हनायचं?"

मी नाकाकडे बोट केलं.

"आन् कापलं कुटं?"

मी तोंडाकडे बोट केलं.

"आन् सुजलाय गाल," ते म्हणाले. मग स्वतःच्या कानाला हात लावून घाबऱ्या आवाजात त्यांनी विचारलं, "आता माजं कुटनं कापत्यात?"

गालातल्या पोकळीत औषधात भिजवलेली कापडी पट्टी दाबून भरली होती. ती काढायच्या वेळी शेजारचे व्यापारी मला भेटायला आले होते. डॉक्टरांनी नाकातून टोक धरलं आणि ओढायला सुरुवात केली. पट्टी येतच राहिली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. व्यापाऱ्यांनी सवयीने हाताच्या वितीने माप घ्यायला सुरुवात केली होती. "अबबब मास्तर," ते शेवटी हरखून म्हणाले, "एवढ्यात एक चोळी बसली असती की!"

मी रडतारडता हसलो आणि टाके ताणले गेले. डॉक्टरांनी व्यापाऱ्यांना बाहेर जायला सांगितलं.

दुखणं गेलं ते खरोखर गेलं. दुपार होई, मी सवयीने कपाळाला हात नेई, आणि तिथे काहीच नसे. ग्रंथाचीही कल्पना पुढे सरकली नाही. डोकं हलकं झालं त्यात तीही वाहून गेली असावी. वास हळूहळू परत आला, आणि आला तो एकदम गटाराचा. आमच्या घरामागे सूत रंगवण्याचं काम चाले. ते उग्र पाणी गटारातून आमच्या खिडकीखालून वाहत असे. एक दिवस जेवताजेवता मी ताटावरून उठलो. "हा कसला वास? इथे माणसं राहतात तरी कशी?"

"चार वर्षं राहतोय," बायको म्हणाली. "हे घर तुम्ही पसंत केलंत. हवेशीर आहे म्हणालात."

महिन्याच्या आत आम्ही घर बदललं.

राहिली ती ओठाची तक्रार. हिरडी कापली होती तिथपासून वरचा ओठ आणि पुढचे दात बधिर झाले होते. डॉक्टर म्हणाले, संवेदना येईल, पण धीर धरा. तोपर्यंत चहा माझ्या ओठावरून ओघळे आणि मला पत्ता नसे. तपकिरीचे डाग धुऊन स्वच्छ केलेल्या कोटांवर आता चहाचे पट्टे उठले. मिशीला भाताची शितं लटकवून मी दोन तास व्याकरण शिकवल्याचं एकदा घरी आल्यावर कळलं. न्हावी दाढी करताना थबकून म्हणाला, "मास्तर, लागलं व्हय? रगत आलंय की." मी म्हटलं, "कोणाला?"

मग कधीतरी ओठावर मुंग्या चालल्यासारखं होऊ लागलं. आणि एका सकाळी घाईत चहाचा पेला तोंडाला लावला आणि चर्रकन भाजलं.

"भाजलं!" मी ओरडलो. "अगं, भाजलं! इथे, डावीकडे, नीट भाजलं!"

ती तुपाची वाटी घेऊन धावत बाहेर आली. मी तिला तूप लावू देईना. ओठावर बोट फिरवून ती आग पुन्हा पुन्हा तपासून बघत होतो.

तिने तुपाचं बोट पदराला पुसलं. मग म्हणाली, "झालं का बघून? शाळेची वेळ झालीय," आणि आत गेली.