चटईवाला सेक्रेटरी

दौलतराव गिऱ्हेपुंजेनं जन्मात कधी बॅट धरली नाही. चेंडू जवळ आला की मारकी म्हैस आल्यासारखा तो बाजूले सरके. तरी भिलाईतल्या आमच्या लोकाइले क्रिकेट म्हटलं की पहिले त्याचंच नाव आठवते, अन् त्याचं कारण आहे एक काथ्याची चटई.

माणूस तुमसरकडचा. कारखान्याचं काम लागलं तेव्हा पावर हाऊसच्या बाजूचं सारं रान उकरून पडलं होतं. मजूर येत होते, इंजिनेर येत होते, रशियन येत होते, अन् डोक्यावर छप्पर कोणाच्याच नव्हतं. दौलतरावनं ते पाह्यलं अन् बांबूच्या तट्ट्या विकाले बसला. भिंतीले तट्ट्या, छपराले तट्ट्या, संडासाले तट्ट्या. मंग ताडपत्री आली, दोर आले, चटया आल्या. पक्के क्वार्टर उठत गेले तशा तट्ट्या कोणी विचारेना, पण तोवर त्याच्या दुकानावर टिनाचं छत चढलं होतं.

गवताची पिच त्या काळात भिलाईत कोण करते? मुरूम टाकायचा, पाणी मारून धुम्मसानं ठोकायचा, वर काथ्याची लांब चटई ताणून कडेनं खिळे मारायचे अन् तिच्यावर खेळायचं. चटई ढिली राहिली की चेंडू तिच्यात घुसून बसे. कारखान्यातले गडी दौलतरावकडून चटई भाड्यानं नेत. एका रविवारी चटई फाटून वापस आली. पुढच्या रविवारी तो चटईवर नजर ठेवाले स्वतःच गेला. बांधावर बसून त्यानं खेळ पाह्यलाच नाही, खिळे पाह्यले. शेवटी म्हणाला, "तुमाले चटई ताणता येत नाई बे. मीच ताणून देत जाईन."

झालं. चटई त्याची, म्हणून मॅच कधी ठेवायची ते त्याले विचारा लागे. विचारता विचारता तो सेक्रेटरी झाला. बाद कसं होते हे त्याले लय उशिरा समजलं, पण कोणत्या दोघाइले एका बाकड्यावर बसवायचं नाही हे लवकरच समजलं. माझ्या मते क्लब चालवाले दुसरीच अक्कल जास्त लागते.

टीमचा जीव होता लहानू रामटेके. कारखान्यात क्रेनखाली ओझी बांधणारा खलाशी, अन् चेंडू असा फेके की समोरचा चटई सोडून मुरमावर जाऊन उभा राहे. विकेटच्या मागं त्याचा दोस्त देवराव. हे दोघं अन् आणखी तिघं बौद्ध, नागपूर-भंडाऱ्याकडचे. बाकीचे आमच्यासारखे भरतीचे.

सेक्टरच्या कडेले एक सपाट तुकडा होता, तिथंच खेळ चाले. पण जागा क्लबची नव्हती. साठ साली टाउनशिपचा एक साहेब म्हणाला, एक चांगली मॅच दाखवा, पसंत पडली तर जागा तुमाले, नाहीतर तिथं क्वार्टर. दिवस तुमीच सांगा. दौलतराव उभ्याउभ्या बोलून गेला, "दसरा." दुकानातल्या काट्या-वजनाची पूजा सकाळीच आटपते, काम बंद, साहेब मोकळा. मिशीवर हात फिरवत तो दुकानात आला.

लहानू देवरावसंग दोर घ्याले आला होता.

"दसऱ्याले?" तो म्हणाला. "दसऱ्याले आमी नागपूरले राह्यतो, दौलतभाऊ."

"नागपूर काय पळून चाललं? एका साली नाई गेला तर काय होते?"

"तुमी एका साली काट्याची पूजा नका करू. पाहू काय होते."

"पूजा सकाळी होते बे. मंग मी मोकळा."

"आमची दीक्षा काय सकाळपुरती हाये?"

देवराव हसला. "भाऊ, तुमी दीक्षाभूमीवरच चटई ताणा ना. साहेबालेबी घेऊन या."

"हसून राह्यला! ग्राउंड जाईन ना!" दौलतराव ओरडला. "टीम मोडून राह्यले तुमी."

"तारीख देली कोनं?" लहानूनं दोर खांद्यावर टाकला. "आमाले इचारलं होतं?"

घरी बायकोनं, वच्छलाबाईनं, ऐकून घेतलं. ती म्हणाली, "दरसाल बोचके बांधाले ते आपल्याच दुकानातून दोर नेते. तुमाले दोर दिसते, दिवस नाई दिसत?"

दौलतराव जेवला नाही. सकाळी साहेबाकडं गेला.

"साहब, तारीख बदल दीजिए."

"तारीख तुमने दी थी. ग्यारह आदमी नहीं हैं तो दूसरी टीम खेलेगी."

दूसरी टीम म्हणजे एका ठेकेदाराची. ठेकेदार तिथंच बसला होता. दौलतरावले बाहेर गाठून म्हणाला, "मेरे पाँच लड़के ले लो. नाम तुम्हारे क्लब का, ग्राउंड तुम्हारा."

दौलतराव सायकल हातात धरून घरापर्यंत पायदळ आला. इतका सोपा सौदा त्याले जन्मात कोणी देला नव्हता. त्या दिवशी त्यानं दोन गिऱ्हाइकाइले भलताच माल देला. शेवटी वच्छलाबाईले म्हणाला, "पाच जन उसने घेतले तर जागा भेटन. पन मंग त्या जागेवर लहान्याले काय म्हनून बलावू? पाव्हना म्हनून?" अन् ठेकेदाराले नाही म्हणून कळवलं.

ठेकेदाराची टीम खेळाले तयारच होती. फक्त चटई नव्हती. त्याचा माणूस दौलतरावच्याच दुकानात आला.

"देऊ नका," वच्छलाबाई आतून म्हणाली.

दौलतरावनं देली. वरून दसऱ्याच्या दिवशी काट्याले हळदकुंकू लावून, धुतलेल्या धोतरावर मैदानात गेला अन् स्वतः गुडघे टेकून चटई ताणली. लोकाइनं टोमणे मारले. त्यानं खिळे मारले. मॅच चांगली झाली, साहेब खुश झाला, जागा ठेकेदाराच्या टीमले गेली.

लहानू नागपूरहून आला तो सरळ दुकानात.

"चटई देली म्हंते त्याइले?"

"धंदा हाये."

"ताणली कोनं?"

"मीच. त्याइले येते काय ताणता?"

लहानू दोराच्या गठ्ठ्यावर बसला. दौलतरावनं चहा सांगतला. चहा संपल्यावर लहानू म्हणाला, "नाल्याच्या पल्याड एक भर्रीचा माळ पडीक हाये. मुरूम चांगला हाये. बोराट्या लय हायेत."

"तोडू," दौलतराव म्हणाला.

त्या भर्रीवर टीम कितीतरी साल खेळली. चेंडू आणाले बोराटीत जो शिरे तो रक्त काढूनच बाहेर येई, पण तिथून कोणी उठवलं नाही. पुढं दौलतरावचं दुकान सिविक सेंटरच्या बाजारात गेलं, पाटीवर रंग अन् हार्डवेअर आलं. त्याले जिल्ह्याच्या कमिटीवर घेतलं. तिथं शिकलेले लोक, इंग्रजीत बोलत. तो कोपऱ्यात सुपारी कातरत बसे. सालभराच्या मॅचच्या तारखा ठराले लागल्या की फक्त एकदा तोंड उघडे. "दसरा छोड़ के बोलो."

कमिटीवाल्याइले वाटे, बनियागिरी आहे, काट्याच्या पूजेसाठी म्हणते. एकानं तर तोंडावर म्हटलं, "गिऱ्हेपुंजेजी, पूजा तो सुबह निपट जाती है ना?"

"नाई निपटत," तो म्हणाला, अन् सुपारी तोंडात टाकली.