अर्धी-अर्धी गोळी

परवा कर्नाटकातल्या आळंदच्या स्टँडवर माझी बस चुकली. चुकली म्हणजे मीच चुकवली... समोर गरम मिरची भजी निघत होती, आणि बस काय, दुसरी येतेच.

भजी खाता खाता समोरून एक पांढरी जीप गेली. तसलीच. आणि एकदम ते वर्ष आठवलं... एचआयव्हीच्या औषधांवर इकडं एक अभ्यास चालू होता आणि त्याची गाडी मी चालवायचो.

कॉलेज अर्धवट सोडलेलं. त्याआधी मोबाईलच्या दुकानात होतो, त्याआधी हुमनाबादला एका गॅरेजवर, तिथल्या मालकाचा पोपट... ते जाऊ दे. काम साधं होतं. गावागावांतून पेशंट आणायचे, रक्त दिलं की परत सोडायचे. औषध घेऊनही कुणाच्या रक्तात व्हायरस वाढतोय का, औषध त्याच्यावर चालेनासं झालंय का, हे डॉक्टर मॅडम बघायच्या. मी फक्त गाडी बघायचो.

आमच्याकडं ह्या आजाराचं औषध कुणी आपल्या तालुक्यात घेत नाही. इकडचे लोक बॉर्डर ओलांडून महाराष्ट्रात उमरग्याकडं जातात, तिकडचे इकडं येतात. दोन्हीकडच्या बसमध्ये तोंडं बांधलेली, आणि विचारलं की उत्तर एकच... "पाव्हण्याकडं चाललोय."

आमच्या गाडीतल्या एक अक्का मात्र तोंड बांधायच्या नाहीत. त्यांचं नाव-गाव सांगत नाही. तुरीच्या रानात मजुरीला जायच्या, नवरा ह्याच आजारानं गेलेला. गाडीत बसल्या की पहिला प्रश्न ठरलेला, "अप्पा, लगीन कवा करायलास?"

मी म्हणायचो, "पोरगी बघा की."

"तुला कोण देतंय? एका जागी बूड टिकंना तुझं."

अशा ह्या अक्कांच्या रक्तात व्हायरस वाढलेला निघाला. मॅडमना पटेना. डबीतल्या गोळ्या मोजल्या की हिशोब बरोबर यायचा, एकही जास्त उरलेली नसायची. मग औषधच लागू होईना झालंय का? ते तपासायला रक्त मोठ्या लॅबला पाठवलं. तिकडून वाईट रिपोर्ट आला तर गोळ्या बदलायच्या... आणि बदलायला काही ढीगभर औषधं नसतात, असं मॅडम म्हणाल्या होत्या.

रिपोर्ट यायच्या आधी मॅडमनी अक्कांना पुन्हा बोलावलं. त्या दिवशी गाडीत माझ्या लग्नाचा विषय निघालाच नाही. अक्का हळूच म्हणाल्या, "अप्पा, औषध लागू होत न्हाई म्हणजे... दोघींनाबी व्हणार न्हाई का?"

"दोघी कोण?"

अक्कांनी पदर तोंडाला लावला. मी गाडी बाजूला घेतली.

धाकटी जाऊ. तिचाही नवरा तसाच गेला, तपासणीत तिलाही निघालं. पण औषधाला जायचं कुठं? इकडं सासर, बॉर्डरपलीकडं माहेर... दोन्हीकडच्या दवाखान्यात ओळखीचं कुणी ना कुणी भेटणारच. म्हणून अक्का रोजची गोळी विळीवर धरून दोन तुकडे करायच्या. अर्धी स्वतःला, अर्धी जावेला.

"मॅडमला सांगायला पाहिजे, अक्का."

"सांगते की. भ्या वाटायलंय, पर सांगते."

मॅडम ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "अक्का, भाकर वाटली तर दोघींचं निभतं. गोळीचं तसं न्हाई. अर्ध्या औषधानं व्हायरस मरत न्हाई, औषध ओळखायला शिकतो. तुमच्या अंगातला बी, तिच्या अंगातला बी."

"मग काय करू? तिच्यासमोर एकटीनं खाऊ? घशाखाली उतरंल का ते?"

मॅडमनी खुर्ची पुढं ओढली. मग म्हणाल्या, "तिला घेऊन या. लांबच्या दवाखान्यात नाव घालू. गाडी हायच आपली."

रिपोर्ट आला. एका गोळीत तीन औषधं असतात; त्यातल्या एकाला व्हायरसनं ओळखलं होतं, बाकीची अजून चालत होती. वाचलो म्हणायचं. गोळी तीच ठेवली... पण रोज, अख्खी, आणि एकटीनं. आता सगळं अडलं होतं जावेपाशी. ती आली नाही तर अक्कांच्या विळीचा काय भरवसा?

ठरल्या दिवशी मी गावाबाहेरच्या फाट्यावर गाडी लावली. अक्का आल्या, मागं धाकटी. ती गाडीपर्यंत आली, दारावरचं लाल रिबिनीचं स्टिकर बघितलं, आणि मागं फिरली. ती लाल रिबीन म्हणजे एड्सची खूण, हे आता शाळेतल्या पोरांनाही कळतं. कुठल्या शहाण्यानं चिकटवलं होतं कोण जाणे.

"अक्का, समदं गाव वळखंल. मी येत न्हाई."

अक्कांनी समजूत घातली नाही. वाकल्या, रस्त्यावर म्हशीनं नुकतंच टाकलेलं शेण ओंजळीनं उचललं, आणि त्या स्टिकरवर चांगलं सारवलं. चूल सारवावी तसं... कडेकडेनं, बोटं फिरवून.

"घे. शेणाची गाडी झाली. बस आता."

"अक्का, ऑफिसची गाडी हाय..." मी म्हणालो.

"गप रं. ऑफिसला सांग, म्हस आडवी आली."

धाकटी खुदकन हसली. आणि बसली.

पोचलो तेव्हा मॅडम बाहेरच उभ्या होत्या. दार बघून म्हणाल्या, "हे काय रे?" म्हशीचं काही मला जमलं नाही, खरं तेच सांगून टाकलं. मॅडम धाकटीच्या पाठीवर हात ठेवून तिला आत घेऊन जाता जाता मला म्हणाल्या, "धुऊ नको ते."

अभ्यास कधीच संपला. मीही कुठं कुठं भटकून आलो, बरीच माणसं भेटली. पण आपल्या जगण्यातलं अर्धं कापून देणारं माणूस तुरीच्या रानात मजुरी करत होतं, आणि त्याला आणायला-सोडायला मी होतो... एवढं आठवलं तरी बरं वाटतं.